एक रत्तल धान्य

१८७६ साली पावसाने दख्खनकडे पाठ फिरवली. पुणे जिल्ह्यातले भीमथडी आणि इंदापूर हे पूर्वेकडचे तालुके एरवीही आभाळाकडे डोळे लावून बसणारे. त्या वर्षी खरीप हातचा गेला आणि रब्बीची पेरणी बहुतेकांना करताच आली नाही. दिवाळीपासूनच माणसं गुरं विकून गाव सोडू लागली. सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालेल्यांना लष्कराच्या अलीकडे लागणारं गाव म्हणजे हडपसर. खडकवासल्याचं धरण आणि मुठेचा उजवा कालवा याच दशकातले. पुढे या कालव्याने हडपसरच्या शिवारात ऊस आणि भाजीपाला आणला, पुण्याच्या मंडईला माल पुरवणारं गाव म्हणून हडपसरचं नाव झालं. १८७७ च्या त्या हिवाळ्यात मात्र पाण्यापेक्षा मोठा प्रश्न होता तो दिवसाच्या मजुरीचा.

सरकारने दुष्काळी कामं काढली होती. रस्त्यांसाठी खडी फोडायची, तलाव खणायचे, मातीची घमेली वाहायची आणि संध्याकाळी मजुरी घ्यायची. सुरुवातीची मजुरी बेताची असली तरी तिच्यावर जीव तगत होता. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीवर पाठवलं. तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या टंचाईत याच टेंपलनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना वाचवलं होतं, आणि त्यावर फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली होती. ती बोलणी त्यांच्या जिव्हारी लागली असावीत. या वेळी ते काटकसरीचा हुकूम घेऊनच आले. कामावरच्या पुरुषाला रोज एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा, बायका-मुलांना त्याहून कमी, असा दर त्यांनी ठरवला. एवढ्यावर माणूस जगू शकतो, करून पाहायला काय हरकत आहे, ही त्यामागची भूमिका.

एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या पिठाच्या चार-पाच भाकरी. वरच्या एका आण्यात मीठ, मिरची, सरपण, आणि घरात काम न करू शकणारा म्हातारा असेल तर त्याचा घास. आजच्या हिशेबाने एक रत्तल ज्वारीत साधारण १६०० कॅलरी भरतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला याच्या दुप्पट लागतात. कॅलरीचा हिशेब तेव्हा मजुरांना ठाऊक नव्हता, पण अंगातून काय कमी होतंय ते त्यांना कळत होतं. त्यांनी नवा दर नाकारला. मुंबई इलाख्यात हजारो लोक कामं सोडून चालते झाले. उपाशी माणसांनी मजुरीसाठी केलेला तो संप होता. काहींच्या मते हा लोकांचा हट्ट होता, कोणीतरी त्यांना फूस लावली होती. इतकी उपासमार खरी असती तर मिळेल ते घेऊन माणूस कामाला चिकटला असता, असं म्हणणारे अधिकारीही होते.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या लोकांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, सभेचा कणा. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात ते सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीचे कपडे घालून हजर होते. सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जांवर अर्ज धाडले. त्यातला एक मुद्दा आजही वाचताना अंगावर येतो. तुरुंगातल्या कैद्याला जेवढं अन्न मिळतं तेवढंही दुष्काळी कामावरच्या निरपराध मजुराला मिळत नाही, असं सभेचं म्हणणं होतं. तिकडे मद्रास इलाख्यात आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनीही टेंपल यांच्याशी जाहीर वाद घातला. नुसत्या एका रत्तल धान्यावर श्रम करणारं शरीर टिकत नाही, दीड रत्तल धान्य आणि जोडीला डाळ-भाजी हवी, हे ते वैद्यकाच्या आधाराने सांगत होते. मद्रासला पुढे दर वाढवावा लागला. तोवर उशीर झाला होता. दक्षिण हिंदुस्थानात त्या दोन वर्षांत किमान पन्नास लाख माणसं मेली.

एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या. २० एप्रिलला तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाने उजाड झालेल्या मुलखाचं चित्र आणि सत्यशोधकांनी उभ्या केलेल्या मदतीची हकीकत कळवली आहे. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधकांनी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम नावाने अन्नछत्र काढलं. त्यांना कुठला दर ठरवायचा नव्हता, भुकेचा पुरावाही मागायचा नव्हता. समोर मूल उपाशी आहे एवढं त्यांना पुरे होतं. टेंपल आणि फुले यांच्यातला हा फरक दयेचा तर होताच, पण मला तो समजुतीचाही वाटतो. भूक ही वाटाघाटीची गोष्ट नाही हे फुले दांपत्याला कळलं होतं. त्याचं शारीरिक कारण समोर यायला आणखी शंभर वर्षं लागली.

मधला एक टप्पा अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात होरपळलेल्या युरोपला अन्न कसं द्यायचं हे समजून घ्यायचं होतं, आणि युद्धावर जायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० च्या आसपास कॅलरी मिळाल्या. म्हणजे जवळपास टेंपल यांचं रत्तल! त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. त्याहून मोठा बदल मनात झाला. दिवसरात्र डोक्यात अन्नच. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटली चाटून पुसून घेऊ लागले, चिडचिडे आणि उदास झाले, थंडी सोसवेना, कामवासना विझली. प्रयोग कधी संपणार हे माहीत असलेली, डॉक्टरांच्या देखरेखीखालची ही शिकलेली मुलं. १८७७ च्या कामांवर घमेली वाहणाऱ्या बाईला ना शेवटची तारीख माहीत होती ना देखरेख होती.

हे सगळं घडवतं कोण, याचं एक मोठं उत्तर १९८२ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतून आलं. एस्टोनियात जन्मलेले व्हिक्टर मुट तिथे वर्षानुवर्षं डुकरांच्या आतड्यांतून संप्रेरकं वेगळी काढत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या काझुहिको ताटेमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने एक नवी वाट काढली. शरीरातल्या अनेक संदेशवाहक पेप्टाइडांच्या एका टोकाला ठरावीक रासायनिक खूण असते. आधी पेप्टाइडाचं काम शोधायचं आणि मग ते वेगळं काढायचं, हा नेहमीचा रस्ता सोडून त्यांनी ती खूणच शोधायला सुरुवात केली. डुकराच्या मेंदूतून त्यांना ३६ अमिनो आम्लांची एक साखळी मिळाली. तिच्या दोन्ही टोकांना टायरोसिन आहे, आणि रसायनशास्त्राच्या लघुलिपीत टायरोसिनचं अक्षर वाय, म्हणून ती झाली न्यूरोपेप्टाइड वाय. संशोधक तिला एनपीवाय म्हणतात. पुढे कळलं की मेंदूत सर्वांत मुबलक असलेल्या पेप्टाइडांपैकी हे एक आहे, आणि माशापासून माणसापर्यंत उत्क्रांतीने त्यात फारसा बदल केलेला नाही. निसर्गाने इतकं जपून ठेवलेल्या रेणूकडे काहीतरी मोठं काम असणार.

ते काम दोनच वर्षांत दिसलं, आणि ते दाखवणाऱ्यांत भारतीय नावं होती. फ्लोरिडा विद्यापीठातले सत्य कालरा आणि पुष्पा कालरा हे प्रजननाची संप्रेरकं अभ्यासत होते. १९८४ मध्ये जॉन क्लार्क आणि कालरा यांनी उंदरांच्या मेंदूत एनपीवाय सोडलं, तेव्हा पोट भरलेले उंदीरही खात सुटले. पुढच्याच वर्षीच्या शोधनिबंधात त्यांनी याची दुसरी बाजू मांडली. हेच पेप्टाइड खाणं वाढवतं आणि कामवासना दाबतं. इथे मिनेसोटाच्या तरुणांची आठवण होते. दुष्काळानंतरच्या वर्षात जन्म का घटतात याचाही एक धागा इथे सापडतो. उपाशी शरीर आधी अन्न मागतं, वंशवाढ पुढे ढकलतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यातल्या आर्क्युएट केंद्रातल्या मोजक्या पेशी एनपीवाय बनवतात. अंगातली चरबी घटली की तिच्यातून येणारं लेप्टिन कमी होतं, रिकाम्या जठरातून घ्रेलिन वाढतं, आणि या पेशी जाग्या होतात. मग त्या अन्न शोधायला लावतात, उष्णतेवरचा खर्च कमी करतात आणि बाकीच्या इच्छा बाजूला सारतात. हा हुकूम इच्छाशक्तीच्या खालच्या मजल्यावरून येतो, त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही.

औषध कंपन्यांना साहजिकच वाटलं की एनपीवाय अडवलं तर लठ्ठपणा जाईल. ते इतकं सरळ निघालं नाही. १९९६ मध्ये सिअ‍ॅटलच्या रिचर्ड पामिटर यांच्या गटाने एनपीवायचा जनुकच नसलेले उंदीर तयार केले. ते नेहमीसारखे खात होते, मात्र त्यांना अधूनमधून झटके येत होते. मेंदूच्या अतिउत्तेजनाला आवर घालणं हेही एनपीवायचं काम आहे, हे त्यातून पुढे आलं. म्हणूनच अपस्मारावर एनपीवायच्या जनुकाने उपचार करण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. २००५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने प्रौढ उंदरांमधल्या या पेशीच अचानक नष्ट केल्या, तेव्हा ते उंदीर समोर अन्न असताना उपाशी राहिले. जन्मापासून नसलं तर शरीर दुसरी सोय लावतं, अचानक गेलं तर कोसळतं. माणसांवरही एक मोठी चाचणी झाली. एनपीवायचा एक ग्राहक, म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, अडवणारी मर्क कंपनीची गोळी लोकांनी वर्षभर घेतली, आणि २००६ मध्ये निकाल आला की वजनात डॉक्टरांच्या दृष्टीने उपयोगी अशी घट होत नाही. भुकेच्या दारावर शरीराने एकच पहारेकरी ठेवलेला नाही.

भुकेइतकीच भीतीही या रेणूच्या कक्षेत येते. त्यासाठी पुन्हा हडपसरला यायला हवं, दुष्काळानंतर वीस वर्षांनी.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या सुरू केल्या. स्वयंपाकघरात, देवघरात बूट शिरले. लोक रोग्यांना माळ्यावर लपवू लागले, रात्रीतून मृतदेह हलवू लागले. साहेबाच्या लेखी हा अडाणीपणा होता. घरातल्यांना मात्र एका बाजूने गाठ उठण्याची आणि दुसऱ्या बाजूने दारावर थाप पडण्याची, अशी दुहेरी भीती होती. झडत्यांच्या संतापातून २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँड यांच्यावर गोळी झाडली, ते सर्वश्रुत आहे.

त्याच साथीत हडपसरला वेगळं काही चाललं होतं. फुले दांपत्याचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. त्याचं लग्न १८८९ मध्ये ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी झालेलं. हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर त्याने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना मांडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या, जोतीरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. रोग्याजवळ जायला रक्ताची माणसं कचरत होती, त्या स्वतः रोग्यांना दवाखान्यात आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत आल्या. मुंढवा ते हडपसर हे अंतर आज रिक्षाने काही मिनिटांचं. तापाने फणफणलेलं पोर पाठीवर, आणि त्याचा श्वास आपल्या मानेवर. त्यातूनच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्यांच्या धैर्याचं रसायन सांगण्याचा आव मी आणणार नाही. ते त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतून आलेलं होतं. पण भीती शरीरात कुठे राहते आणि तिला आवर कोण घालतं, हा प्रश्न विचारता येतो. १९८९ मध्ये स्वीडनच्या मार्कस हेलिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एनपीवाय मेंदूत सोडलं की उंदरांची भीती ओसरते. पुढे अमेरिकी सैन्याच्या खडतर प्रशिक्षणात चार्ल्स मॉर्गन यांनी जवानांचं रक्त तपासलं. नकली शत्रूच्या चौकशीच्या ताणाखाली सगळ्यांचंच एनपीवाय वाढलं, पण विशेष दलांच्या जवानांत ते अधिक वाढलं, आणि तेच ताणाखाली अधिक सावध राहिले. युद्धानंतरच्या मानसिक आघाताने आजारी असलेल्या माजी सैनिकांत ते कमी आढळलं होतं. भ्यालेला माणूस अडाणी नसतो. त्याच्या मेंदूतला धोक्याचा आवाज चढलेला असतो आणि तो उतरवणारा कमी पडत असतो. झडतीच्या बुटांनी तो आवाज आणखीच चढतो.

एनपीवायवरच्या या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार यांच्या गटाने वर्षानुवर्षं मेंदूतल्या पेप्टाइडांचा पाठपुरावा केला. त्यांचा एक प्राणी म्हणजे मागूर, विदर्भातल्या तळ्यांत आणि बाजारात मिळणारा मिशाळ मासा. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, एनपीवायला नेमकं चिकटणारं प्रतिद्रव्य त्यावर सोडायचं, मग रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे जिथे पेप्टाइड आहे तिथल्याच पेशी आणि त्यांचे धागे उठून दिसतात. मागूरच्या गंधाच्या मार्गात, अग्रमेंदूत आणि पियुषिका ग्रंथीत एनपीवाय कुठे आहे याचा नकाशा त्यांनी २००४ मध्ये छापला.

२००५ मध्ये दादासाहेब कोकरे, मनोज दांडेकर, चंद्रभान चोपडे आणि सुभेदार यांनी भीतीचं केंद्र मानल्या जाणाऱ्या अमिग्डालाकडे मोर्चा वळवला. भीती मोजायला अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून उंच ठेवलेला चौक वापरतात. त्याच्या दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीआड दडून राहतो, निर्धास्त उंदीर उघड्या फळीवर येतो. नागपूरच्या प्रयोगात दिसलं की अमिग्डालात दोन पेप्टाइडांची रस्सीखेच चालते. अल्फा एमएसएच भीती वाढवतं, एनपीवाय ती उतरवतं. गंमत अशी की भुकेतही हीच जोडी एकमेकांविरुद्ध उभी असते, तिथे अल्फा एमएसएच खाणं थांबवतं. दारूचं व्यसन सुटताना होणारी तगमग, भूक, चिंता, नैराश्य अशा अनेक अंगांनी विदर्भातल्या या मंडळींनी एनपीवायचा माग काढला. सुभेदार पुढे पुण्यात, पाषाणच्या आयसर संस्थेत आले.

आता ताण आणि भूक एकत्र येतात तिथे. मेंदूबाहेर, रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंतही एनपीवाय असतं. ताणाच्या वेळी ते नॉरअ‍ॅड्रेनलिनबरोबर बाहेर पडतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून रक्तदाबाच्या अभ्यासकांनाही त्यात रस आहे. २००७ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातल्या झोफिया झुकोव्स्का यांच्या गटाने उंदरांना रोज थंड पाण्याचा किंवा दांडग्या उंदराच्या सहवासाचा ताण दिला आणि जोडीला गोड-तुपट खाणं दिलं. त्यांच्या पोटावर चरबी साठली आणि मधुमेहाची लक्षणं दिसू लागली. नुसता ताण किंवा नुसतं तसलं खाणं यांतून इतकं घडत नव्हतं. मज्जातंतूंतून सुटलेलं एनपीवाय थेट चरबीच्या पेशींना वाढायला सांगत होतं, आणि तिथला त्याचा ग्राहक अडवल्यावर ही चरबी घटली.

पोटावरची चरबी म्हटलं की पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव येणारच. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून तपासलं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं वजन घटलं ते मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत, चरबी बऱ्यापैकी टिकून होती. बारीक दिसणारी, आतून स्निग्ध बाळं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

असं शरीर का घडलं याचं एकच उत्तर नाही, आणि १८७७ च्या दुष्काळाला सरळ दोषी धरणं शास्त्राला धरून होणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याने काय होतं हे पुण्याशी जोडलेल्या एका प्रयोगात दिसलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी, याज्ञिकांना सोबत घेऊन, २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हे उंदीर लहानखुरे, पण मधुमेहाकडे झुकलेले, आणि त्यांच्यात बी १२ जीवनसत्त्व कमी. मग दोन पिढ्या त्यांना पोटभर खायला घातलं. ते लठ्ठ झाले, पण मधुमेहाचा कल गेला नाही.

हडपसरच्या कुठल्याही दवाखान्यात आज मधुमेहाच्या रुग्णाला “तोंडावर ताबा ठेवा” असं सांगितलं जातं. माळावरच्या जुन्या शेतांच्या जागी आलेल्या कंपन्यांत तो रात्रपाळी करून आलेला असतो, झोप मोडलेली, डोक्यावर हप्ते. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे, आणि त्यातला दोषारोपाचा सूर तर साफ चुकीचा आहे. याज्ञिकांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्या सहा गावांत नव्वदच्या दशकात जन्मलेली बाळं वयात आली, तेव्हा २०१२ पासून त्यांनाच, आईबाप होण्याच्या आधी, बी १२ ची रोजची छोटी मात्रा द्यायला त्यांनी सुरुवात केली. त्यातल्या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, आणि ती मुलं आता तपासली जात आहेत.